‘दार्क’ हे आडनाव कोणाचे?

‘जोन ऑफ आर्क’ या नावावरून आर्क हे तिचे गाव असावे, असे वाटते. गाव होते दोंरेमी; ‘दार्क’ हे वडील जाक यांचे आडनाव, कागदोपत्री ‘तार्क’ही. १४२९ साली सातव्या चार्ल्सने घराण्याला उमरावपद दिले आणि भाऊ ‘दु लिस’ म्हणवू लागले. १४३१ साली रुआँच्या खटल्यात तिला आडनाव विचारले. ती म्हणाली, ठाऊक नाही. महिन्याभराने तिने ‘दार्क किंवा रोमे’ असे सांगितले. वर पुस्ती जोडली, आमच्याकडे मुली आईचे आडनाव लावतात. आई इझाबेल रोमे. ‘रोमे’ हे मुळात रोमच्या यात्रेकरूचे उपनाम.

भावांनी टाकलेले, तिने कधी न मिरवलेले आडनाव इतिहासाने तिच्यामागे लावले. तिच्या पत्रांखालची सही मात्र नुसती ‘झान’.