तिऱ्हाइताचा विमा

मोटारीचा विमा म्हणजे मोटारीचे रक्षण, असा आपला सर्वसाधारण समज असतो. सक्तीच्या विम्याचा इतिहास चाळताना मला दिसले ते वेगळेच. ही सक्ती जन्माला आली ती गाडीसाठी नव्हे, मालकासाठीही नव्हे, रस्त्यावरच्या तिऱ्हाइतासाठी.

अमेरिकेत हा विषय राज्यांच्या हाती आहे. १९२५ साली शेजारच्या दोन राज्यांनी दोन वाटा धरल्या. कनेक्टिकटने चालकाकडे ऐपतीचा पुरावा मागितला, पण अपघात घडल्यानंतर. म्हणजे पहिल्या अपघातात जायबंदी झालेला रिकाम्या हातानेच घरी जाणार. मॅसॅच्युसेट्सने सांगितले, विमा नाही तर गाडीची नोंदणी नाही. १ जानेवारी १९२७ पासून तिथे सक्ती लागू झाली. एका जखमीमागे किमान ५,००० आणि एका अपघातामागे १०,००० डॉलर.

विमा कंपन्यांना ही सक्ती नकोच होती. सक्ती आली की दरही सरकार ठरवणार, ही त्यांची भीती खरी ठरली. हप्त्याचा दर हा तिथे राजकारणाचा विषय झाला. पुढे जवळजवळ तीस वर्षे एकाही राज्याने मॅसॅच्युसेट्सचा कित्ता गिरवला नाही. १९५६ मध्ये न्यूयॉर्कने आणि १९५७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने तसे कायदे केले, आणि मग इतर राज्ये हळूहळू मागून आली. न्यू हॅम्पशायरमध्ये मात्र आजही सरसकट सक्ती नाही.

खरी मेख आहे ती किमान रकमेत. कॅलिफोर्नियाने १९६७ मध्ये एका जखमीमागे १५,००० डॉलरचा आकडा ठरवला, तो २०२४ अखेरपर्यंत तसाच राहिला. २०२५ पासून तो ३०,००० झाला. मधल्या सत्तावन्न वर्षांत इस्पितळांची बिले काही थांबून राहिली नव्हती. कायद्याची अट पुरी होत होती. तिऱ्हाइताचे नुकसान भरून येईलच असे नव्हते.

आपल्याकडे १९३९च्या मोटार वाहन कायद्यात ही सक्ती आली, आणि ते प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. १९८८च्या कायद्याने तिऱ्हाइताच्या मृत्यू वा दुखापतीसाठी वरची मर्यादा न घालता, जितके दायित्व ठरेल तितके विम्याने उचलावे असे म्हटले. याबाबतीत आपला कायदा अधिक उदार. आपले दुखणे दुसरेच, विमाच न उतरवलेल्या गाड्यांचे.

म्हणून परदेशी गाडी घेणाऱ्या मुलाला ‘विमा काढलास ना?’ एवढेच विचारून भागत नाही, असे मला वाटते. ‘कितीचा?’ हेही विचारावे. मर्यादेपलीकडची भरपाई चालकाच्या स्वतःच्या मिळकतीतून मागितली जाऊ शकते. आणि त्याच्याकडे काहीच नसेल, तर उरलेला भार वाहतो तो जखमी माणूस. ज्याच्यासाठी हा सारा कायदा झाला, तोच.