काचमणिकाम, बोहीमियातील

काचेचे लहान मणी हाताने घडवून, ओवून व तारेत गुंफून त्यांपासून दागिने आणि सणासुदीला भेट देण्याजोग्या शोभेच्या वस्तू करण्याचा उत्तर बोहीमियातील (चेक प्रजासत्ताक) परंपरागत हस्तव्यवसाय. यिझेरा व क्रकोनोशे या डोंगराळ प्रदेशांत तो वाढला. याब्लोनेत्स (जर्मन नाव गाब्लाँत्स) हे नीस नदीकाठचे नगर त्याचे व्यापारी केंद्र होय. या व्यवसायाची नाताळ सणाशी निगडित असलेली एक शाखा, म्हणजे फुंकीव मण्यांपासून नाताळवृक्षाचे अलंकार बनविण्याची कला, यूनेस्कोने 2020 साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक सूचीत समाविष्ट केली.

पार्श्वभूमी : या डोंगरांत शेतीस योग्य जमीन थोडी व हिवाळा दीर्घ. तथापि भट्टीसाठी विपुल लाकूड, लाकडाच्या राखेपासून मिळणारा क्षार, गारगोटी आणि यंत्रचक्रे फिरविण्यास उपयोगी पडणारे ओढे या गोष्टींची तेथे वाण नव्हती. त्यामुळे मध्ययुगाच्या अखेरीपासून तेथे काचभट्ट्या उभ्या राहिल्या. अठराव्या शतकात जवळच्या तुर्नोव्ह येथे रत्नांसारखी दिसणारी रंगीत काच तयार होऊ लागली. तिच्यापासून खडे व मणी पाडण्याचे काम हळूहळू याब्लोनेत्सच्या परिसरात पसरले. एकोणिसाव्या शतकात यंत्रमागांच्या स्पर्धेमुळे हातमागाचा धंदा खालावला, तेव्हा अनेक डोंगरी कुटुंबांना काचकामाचा आधार मिळाला. योझेफ रीडल (1816–94) या कारखानदाराने रंगीत काचेच्या कांड्या व नळ्या मोठ्या प्रमाणावर पुरविण्याची व्यवस्था केली. कच्चा माल कारखान्यात व घडण घरोघरी, अशी या धंद्याची विभागणी त्यातून दृढ झाली. याब्लोनेत्स येथे 1880 मध्ये कलाव्यवसायाचे विद्यालय निघाले आणि 1904 मध्ये काच व अलंकार यांच्या संग्रहालयाचा प्रारंभ झाला.

मण्यांचे प्रकार : घडणीच्या रीतीवरून बोहीमियन मण्यांचे चार मुख्य प्रकार पडतात. दिव्याच्या ज्योतीवर मऊ केलेली काच धातूच्या तारेभोवती गुंडाळून केलेला तो वेढीव मणी. तापविलेल्या कांडीचे टोक चिमट्यासारख्या साच्यात दाबून काढलेला तो दाबीव मणी. लांब खेचलेल्या पोकळ नळीचे बारीक तुकडे पाडून व ते पुन्हा तापवून त्यांच्या कडा गोलसर केल्या म्हणजे रोकाय या नावाने ओळखले जाणारे मोहरीएवढे मणी मिळतात. भरतकाम व विणीव दागिने यांस हेच मणी लागतात. झासादा व देस्ना ही त्यांच्या उत्पादनाची प्रसिद्ध गावे होत. चौथा प्रकार पोकळ फुंकीव मण्यांचा. तो वजनाला अत्यंत हलका व तितकाच ठिसूळ असतो.

फुंकीव मण्याचे मूळ मोत्याच्या अनुकरणात आहे. सतराव्या शतकात पॅरिसमधील जाकँ नावाच्या कारागिराने पोकळ काचमण्याच्या आतून माशांच्या खवल्यांपासून काढलेल्या चमकदार द्रव्याचा लेप दिला व पोकळीत मेण भरून कृत्रिम मोती तयार केले. खऱ्या मोत्यांची किंमत न परवडणाऱ्या वर्गात ते लोकप्रिय झाले. ही कल्पना पुढे जर्मनी व बोहीमिया येथील काचकारांनी उचलली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास यूस्टुस फोन लीबिक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर बसविण्याची पद्धती विकसित केली. ती मणिकामात रूढ झाल्यावर मोत्याच्या मंद कांतीबरोबरच आरशासारखी झळाळी साधणे शक्य झाले.

घडण : फुंकीव मणी करताना काचेची बारीक नळी ज्योतीवर फिरवीत मऊ करतात व दोन पाळ्यांच्या धातूच्या साच्यात ठेवून तोंडाने फुंकतात. साच्यात एका ओळीत खळगे असल्याने एका फुंकीत परस्परांना जोडलेल्या मण्यांची माळ तयार होते. पूर्वी यासाठी तेलाचा दिवा व पायाने चालवावयाचा भाता वापरीत. पुढे वायूची ज्योत आली. फुंकीचा जोर कमी पडला तर साच्याची नक्षी उमटत नाही आणि अधिक झाला तर काच फुटते. हे प्रमाण केवळ सरावानेच साधते, पुस्तकावरून नव्हे.

फुंकलेल्या माळांच्या आत सिल्व्हर नायट्रेटचा विद्राव खेचून घेतात. त्यातील चांदी क्षपणक्रियेने मोकळी होऊन आतील पृष्ठावर बसते. नंतर माळा रंगात बुडवून वाळवितात व काहींवर कुंचल्याने रेषा वा ठिपके काढतात. शेवटी माळेवर धारदार हत्याराने खूण करून मणी एकेक सुटा केला जातो. हे सुटे मणी बारीक तारेत ओवून चांदण्या, टोपल्या, घंटा, कोळी, दुचाक्या, विमाने अशा आकृती गुंफतात. गुंफण्याचे काम मुख्यतः स्त्रिया आपापल्या घरी करीत आल्या आहेत. तारेचा पीळ सैल राहिल्यास आकृती वाकते व अधिक आवळल्यास मणी तडकतो. म्हणून वरवर खेळण्यासारख्या भासणाऱ्या या वस्तूमागे चार-पाच निरनिराळ्या कारागिरांचे कसब असते. विक्रीच्या वेळी मात्र त्यांपैकी कोणाचेही नाव वस्तूवर नसते.

नाताळशी संबंध : सजविलेला नाताळवृक्ष ही प्रथा बोहीमियात जर्मन प्रदेशांतून आली. प्राग येथील नाट्यगृहाचा संचालक लीबिख याने 1812 मध्ये लिबेन्य येथील आपल्या निवासात मित्रांसाठी असा वृक्ष उभा केल्याची नोंद प्रसिद्ध आहे. प्रारंभी वृक्षावर सफरचंदे, अक्रोड, गोड भाजीव पदार्थ व कागदी फुले टांगीत. थुरिंजियातील लाउशा या काचकारांच्या गावी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फुंकीव काचगोळे वृक्षासाठी होऊ लागले. लाउशाने गोळ्यावर भर दिला, तर उत्तर बोहीमियाने जवळ असलेल्या मण्यांचाच उपयोग करून तारेत गुंफलेले अलंकार पुढे आणले.

क्रकोनोशेच्या पश्चिम भागातील पोनिक्ला या गावी 1902 मध्ये स्टानिस्लाव्ह होर्ना याने फुंकीव मण्यांचे उत्पादन सुरू केले. आरंभी हे मणी दागिने व लोकवेष यांसाठी जात. दागिन्यांची मागणी फॅशनच्या लहरीनुसार बदलते. कंठ्यांची हौस ओसरली की घरोघरचे काम थांबे. नाताळ मात्र दरवर्षी येतो. त्यामुळे कंठ्यासाठी घडविलेला मणी वृक्षावरील चांदणीत शिरला, तो केवळ सौंदर्यदृष्टीने नव्हे, तर उपजीविकेच्या गरजेपोटीही होय. हे अलंकार स्वस्त व हलके असल्याने भेट म्हणून देण्यास सोयीचे ठरले. अनेक चेक कुटुंबांत आजी-आजोबांच्या काळचे असे अलंकार कापसात जपून ठेवलेले असतात आणि दर नाताळात ते पुन्हा वृक्षावर चढतात.

व्यापार व भारत : याब्लोनेत्सचे व्यापारी प्रत्येक देशाच्या आवडीनुसार नमुने करवून घेत. भारतासाठी मुख्यतः काचेच्या बांगड्या व मणी येत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई, कलकत्ता आदी बंदरांतून हा माल देशभर पोहोचला आणि बोहीमियातील डोंगरी घरांत घडलेल्या काचेने भारतीय स्त्रियांच्या सौभाग्यालंकारांत स्थान मिळविले. 1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच ऑस्ट्रिया-हंगेरी हे शत्रुराष्ट्र ठरले व तेथील आयात बंद पडली. ही उणीव भरून काढताना फिरोझाबादच्या देशी बांगडीउद्योगास चालना मिळाली. जपानी मालानेही या संधीचा फायदा घेतला. एका खंडातील युद्धाने दुसऱ्या खंडातील बांगडीचा बाजार कसा बदलतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

स्थित्यंतरे : दुसऱ्या महायुद्धानंतर या व्यवसायावर मोठा आघात झाला. याब्लोनेत्स व आसपासची बहुसंख्य वस्ती जर्मनभाषक होती. 1945–46 मध्ये चेकोस्लोव्हाकियातील जर्मनांना देशाबाहेर घालविण्यात आले. त्यांच्याबरोबर साचे करणारे, रंग मिसळणारे व मणी दाबणारे असंख्य कुशल कारागीरही गेले. त्यांपैकी अनेकांनी बव्हेरियातील काउफबॉयरेन शहरानजीक दारूगोळ्याच्या जुन्या कारखान्याच्या जागी नॉयगाब्लाँत्स (नवे गाब्लाँत्स) ही वसाहत स्थापून आपला धंदा पुन्हा उभा केला. मूळ गावी उरलेल्या व नव्याने आलेल्या चेक कारागिरांना अनेक कृती पुन्हा शिकाव्या लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबात गुप्त राखलेले ज्ञान माणसांबरोबरच स्थलांतर करते, हे या घटनेने दिसून आले.

1948 च्या साम्यवादी सत्तांतरानंतर खाजगी उद्योगांचे राष्ट्रीयीकरण झाले. उत्पादन राष्ट्रीय कारखाने व सहकारी संस्था यांकडे गेले आणि निर्यात याब्लोनेक्स या सरकारी संस्थेच्या हाती आली. 1989 मधील राजकीय परिवर्तनानंतर खाजगी मालकी परतली, पण त्याचबरोबर आशियातून, विशेषतः चीनमधून येणाऱ्या स्वस्त मण्यांची व प्लॅस्टिकच्या शोभावस्तूंची स्पर्धाही आली. अनेक कार्यशाळा बंद पडल्या. फुंकीव मण्यांच्या नाताळ-अलंकारांचे काम प्रामुख्याने पोनिक्ला येथील एका लहान कौटुंबिक उद्योगामुळे व त्याच्यासाठी घरी बसून मणी गुंफणाऱ्या कारागिरांमुळे टिकले.

मूल्यमापन : यूनेस्कोच्या सूचीतील समावेशाने या कलेस प्रतिष्ठा लाभली आणि पर्यटकांचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. पोनिक्ला येथे लोकांना घडण पाहता येते व स्वतः अलंकार गुंफताही येतो. तथापि प्रतिष्ठेने कारागीर निर्माण होत नाहीत. काच फुंकण्याचे कसब हाती येण्यास दीर्घ सराव लागतो आणि यंत्रनिर्मित वस्तूच्या किंमतीशी स्पर्धा करणाऱ्या कामात तेवढा काळ घालविण्यास तरुण सहजी तयार होत नाहीत. कलेची कृती लिहून, चित्रित करून ठेवता येते. फुंकीचा अंदाज मात्र एका कारागिराकडून दुसऱ्याकडेच जातो. तेव्हा या अलंकारांचे भवितव्य संग्रहालयांपेक्षा, हाताने केलेल्या भेटवस्तूचे योग्य मोल देणाऱ्या ग्राहकावर व ते कसब शिकू इच्छिणाऱ्या पुढील पिढीवर अधिक अवलंबून आहे.