झेब्रा : नुसते पट्ट्यांचे घोडे नव्हेत!

मंडळी, सुट्टीत भारतातून पाहुणे आले की आम्हा केनियातल्या मराठी कुटुंबांची मसाई माराची एक फेरी ठरलेलीच. सगळ्यांना सिंह हवा असतो, झेब्रे दिसले की गाडी पुढे! यंदा जरा थांबून पाहावे, म्हणून ही माहिती देत आहोत.

जाती : झेब्र्याच्या जाती तीन - मैदानी, डोंगरी आणि ग्रेव्ही. केनियात मैदानी आणि ग्रेव्ही आढळतात. मैदानी झेब्र्याचे पट्टे रुंद असतात. ग्रेव्हीचे पट्टे बारीक व दाट, पोट पांढरे आणि कान मोठे, गोलसर. तो साम्बुरूसारख्या उत्तरेकडच्या कोरड्या भागात दिसतो.

कुटुंब : मैदानी झेब्र्याच्या कुटुंबात एक नर, काही माद्या आणि शिंगरे असतात. माद्या वर्षानुवर्षे एकत्र राहतात. चालताना बहुधा अनुभवी मादी पुढे आणि नर मागे किंवा बाजूला. आपल्याला दिसणारा मोठा कळप म्हणजे अशी अनेक कुटुंबे. ग्रेव्हीत मात्र कायमचे कुटुंब नसते. नर आपला इलाखा राखतो आणि माद्या चारा-पाण्यासाठी ये-जा करतात.

शिंगरू : जन्मल्यावर तासाभरात धावू लागते. पहिले काही दिवस आई इतरांना जवळ येऊ देत नाही. तेवढ्यात ते आईचे पट्टे, वास आणि आवाज ओळखायला शिकते.

पट्टे कशासाठी? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांना पट्टेरी झूल घातली, तर त्यांच्यावर गोमाश्या कमी बसल्या. म्हणजे चावऱ्या माश्यांपासून बचाव, हे पट्ट्यांचे एक कारण दिसते.

संकट : १९७० च्या दशकाच्या अखेरीस ग्रेव्ही झेब्रे सुमारे १५,००० होते, आता जेमतेम ३,००० उरले आहेत. आधी कातड्यासाठी शिकार झाली, मग दुष्काळ आला आणि चारा-पाण्यासाठी गुराढोरांशी स्पर्धा वाढली. प्रत्येकाचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे वेगळे असतात. म्हणूनच २०१६ साली केनियात सामान्य नागरिकांनी काढलेल्या फोटोंवरून ग्रेव्हींची मोजणी करता आली.

आपण काय करावे? गाडी रस्त्यावरच ठेवावी, हॉर्न वाजवू नये आणि आई व शिंगरू यांच्या मधे कधीही गाडी घालू नये. "अजून जवळ घ्या" असा ड्रायव्हरला आग्रह करू नये. पाणवठ्यावर तर दुरूनच पाहावे. उन्हातान्हात कित्येक मैल चालून आलेल्या जनावराला तहानलेले परत पाठवण्याचे पाप आपल्या हातून घडू नये, एवढीच विनंती.