घरगुती विद्युत्काम, स्वहस्ते

घरगुती विद्युत्काम, स्वहस्ते : घरमालकाने, भाडेकरूने अथवा त्यांच्या घरातील कोणा हौशी माणसाने, परवानाधारक ठेकेदारास न बोलावता, राहत्या जागेतील वीजतारा, खटके, फ्यूज, दिवे व उपकरणे यांची मांडणी, फेरफार किंवा दुरुस्ती आपल्या हाताने करणे. भारतात हे काम सर्वस्वी निषिद्ध नाही, तसेच सर्वस्वी मोकळेही नाही. परवानगी आणि मज्जाव यांच्यामधली सीमा कायद्याने बरीच विचारपूर्वक आखलेली आहे. परंतु ज्यांच्यासाठी ती आखली त्या गृहस्थांपैकी फारच थोड्यांना तिची वार्ता असते, आणि हातात पेचकस घेऊन स्टुलावर चढलेल्या माणसाला ती सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

कायद्याचा आधार : भारतीय विद्युत अधिनियम, १९१० याच्या ३७व्या कलमान्वये १९५६ साली जे भारतीय विद्युत नियम करण्यात आले, त्यांतील ४५व्या नियमाने असे फर्मावले होते की, ग्राहकाच्या, मालकाच्या वा भोगवटादाराच्या जागेत विद्युत संचमांडणीचे कोणतेही काम, मग ती नवी मांडणी असो, जुनीत घातलेली भर असो, फेरफार असो वा दुरुस्ती असो, राज्य शासनाची अनुज्ञप्ती असलेल्या ठेकेदाराखेरीज अन्य कोणी करू नये; त्यावर सक्षमता-प्रमाणपत्र धारण करणाऱ्या पर्यवेक्षकाची प्रत्यक्ष देखरेख असावी; आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या कामगाराजवळही शासनाचा परवाना असावा. या मज्जावातून दिवे, पंखे, फ्यूज, खटके, कमी दाबाची घरगुती उपकरणे व जोडसामान यांची अदलाबदल तेवढी वगळली होती, पण तीही एका अटीवर : त्या बदलाने संचमांडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप यांत कोणताही फरक पडता कामा नये. ज्या मांडणीत हा नियम मोडला असेल ती पुरवठादाराच्या यंत्रणेस जोडू नये, अशीही तजवीज त्याच नियमात होती. विद्युत अधिनियम, २००३ आला तेव्हा १९१० चा कायदा रद्द झाला, तथापि नव्या कायद्याच्या १८५व्या कलमाने हे नियम, ५३व्या कलमाखालील विनियम तयार होईपर्यंत, जिवंत ठेवले. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली सुरक्षा व वीजपुरवठा यांविषयीचे विनियम काढले तेव्हा जुन्या ४५व्या नियमाचा आशय जवळजवळ जसाच्या तसा २९व्या विनियमात उतरला, आणि २०२३ साली त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली तरी तत्त्वात बदल झाला नाही. विनियम केंद्राचे असल्यामुळे मुंबईच्या चाळीला, विदर्भातील खेड्याला आणि गोव्यातील घराला तोच दंडक लागू आहे. परवाने व प्रमाणपत्रे देणे मात्र ज्या त्या राज्याच्या अखत्यारीत येते.

या रचनेत घरातील विजेचे तीन प्रदेश पडतात. खांबावरून येणारी तार, पुरवठादाराचा कटआउट व मोहोरबंद मीटर हा पहिला प्रदेश. तो पुरवठादाराच्या मालकीचा असून तेथे ग्राहकाने हात लावणे हा नुसता नियमभंग नव्हे, तर २००३ च्या अधिनियमातील १३८व्या कलमाखालचा अपराध ठरू शकतो, आणि तारेवर आकडा टाकून वीज घेणे हे तर १३५व्या कलमातील चोरीचे सरळ उदाहरण होय. ग्राहकाने बसवलेल्या मुख्य खटक्याच्या आगम-अग्रापासून दुसरा प्रदेश सुरू होतो. येथील प्रत्येक तार मालकाची, तिचा खर्च मालकाचा आणि तिच्या देखभालीची जबाबदारीही मालकाची. असे असूनही तिच्यावर काम करण्याचा हक्क मात्र मालकाचा नाही. तिसरा प्रदेश या दुसऱ्याच्या पोटातच आहे, आणि तो म्हणजे वर सांगितलेल्या अपवादाचा : होल्डरातील दिवा, बिघडलेले बटण, गेलेला फ्यूज.

हा तिसरा प्रदेश दिसतो तितका निरुपद्रवी नाही, कारण ‘क्षमता’ व ‘स्वरूप’ या दोन शब्दांची मर्यादा हाताच्या एकाच हालचालीत ओलांडली जाऊ शकते. जुन्या घरांत चिनी मातीचे किटकॅट फ्यूज अजून आढळतात. दिव्यांच्या मंडलावरील अशा फ्यूजमध्ये पाच अँपिअरची कल्हईदार तांब्याची तार घालणे हे काम कोणाही गृहस्थाने खुशाल करावे; पण ती तार घरात सापडत नाही, रात्रीची वेळ असते, दुकान बंद असते, आणि मग जुन्या लवचिक वायरीतले दोन-तीन पदर एकत्र पिळून तेच किटकॅटमध्ये अडकवले जातात. दिवे लागतात, घरातली मंडळी समाधानाने झोपतात, आणि त्या क्षणापासून भिंतीतील तारेचे रक्षण करणारे या मंडलावर काहीच उरत नाही. पुढे भार वाढला तर फ्यूज शाबूत राहतो आणि तारेचे वेष्टन वितळते. हात तोच, फ्यूज तोच. परंतु पहिले काम नियमाच्या आत आहे आणि दुसरे बाहेर. दिव्याच्या बोर्डावरील सहा अँपिअरच्या प्लगला पाणी तापवण्याचे दोन हजार वॅटचे यंत्र लावणे हाही याच जातीचा उद्योग होय, कारण २३० व्होल्टांवर ते यंत्र पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते.

खटक्याची गोष्टही अशीच. बटण बदलणे अपवादात बसते. परंतु खटका फेजच्या तारेवरच असावयास हवा, आणि जुन्या मांडणीत तारांचे रंग भरवशाचे असतीलच असे नाही. अदलाबदलीच्या गडबडीत किंवा आधीच्या कोणाच्या कृपेने तो न्यूट्रलवर आला, तर बटण बंद केल्यावर दिवा मालवतो खरा, पण होल्डरात फेज तशीच उभी राहते, आणि बटण बंद आहे या विश्वासाने दिवा बदलावयास गेलेल्या माणसाची बोटे तिच्यावर पडतात. रबरी वेष्टनाच्या तारा लाकडी पट्ट्यांतून फिरवलेल्या जुन्या वाड्यांत आणखी एक संकट असते : वेष्टन इतके जीर्ण झालेले असते की छतातले जोडसामान नुसते उघडताच त्याचा भुगा होतो व तांबे उघडे पडते. तेथे पंखा बदलण्याचे काम बदलाचे राहत नाही, ते नव्या मांडणीचे होते, आणि अशा वेळी झाकण परत लावून स्टुलावरून खाली उतरण्यात कमीपणा काही नाही.

घरोघरी असणारा टेस्टर या बाबतीत अर्धवट साक्षीदार आहे. फेज आहे की नाही एवढेच तो सांगतो. ‘दोन्हीकडे टेस्टर लागतो, पण दिवा लागत नाही’ ही जी तक्रार नेहमी ऐकू येते तिचा अर्थ बहुधा असा असतो की न्यूट्रल कोठेतरी तुटलेली असून, चालू ठेवलेल्या एखाद्या उपकरणातून फेज फिरून न्यूट्रलच्या तारेवर आलेली आहे. याच ठिकाणी एका घातक वहिवाटीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. ज्या घरात अर्थिंगची तार फिरवलेली नाही तेथे तीन पिनांच्या सॉकेटमधील अर्थचे अग्र आणि न्यूट्रलचे अग्र एका तुकड्याने जोडून टाकण्याची युक्ती हौशी लोक करतात, आणि खेदाने सांगावयास हवे की काही धंदेवाईकही करतात. न्यूट्रल शाबूत आहे तोवर काहीच बिघडत नाही. म्हणूनच ही युक्ती वर्षानुवर्षे खपून जाते. परंतु ज्या दिवशी मागे कोठे न्यूट्रल तुटते त्या दिवशी तोच तुकडा फेजला वाट करून देतो व धुलाईयंत्राच्या किंवा शीतकपाटाच्या लोखंडी अंगावर पूर्ण २३० व्होल्टांचा दाब येऊन उभा राहतो. अर्थिंग मुळीच नसलेले उपकरण यापेक्षा बरे.

प्रवाहाचे मान लक्षात घेतले म्हणजे नियमाची कडक भाषा अवाजवी वाटत नाही. एक मिलिअँपिअरच्या सुमारास माणसाला झिणझिण्या जाणवतात. दहाच्या आसपास स्नायू आखडून धरलेली वस्तू सोडवत नाही. तीसच्या वर, प्रवाह काही काळ टिकला तर, श्वसन व हृदय यांना धोका संभवतो. ओल्या हातापायांच्या माणसाचा रोध एक हजार ओहम धरला तर घरगुती दाबाने त्याच्यातून २३० मिलिअँपिअर जाऊ शकतात. आता सोळा अँपिअरचा एमसीबी घ्या : या तीस मिलिअँपिअरच्या पाचशे पटींहून अधिक प्रवाह झाला तरच तो आपली दखल घेणार, कारण तो तारेच्या रक्षणासाठी केलेला आहे, माणसाच्या नव्हे. माणसासाठी असते ते गळती ओळखून मंडल तोडणारे साधन, ज्याला बाजारात ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात, आणि घरगुती जोडणीसाठी विनियमांनी त्याची मर्यादा तीस मिलिअँपिअर ठरवली आहे ती याच कारणाने. पावसाळ्यात लोखंडी पत्र्याच्या घरांत, कपडे वाळत घालण्याच्या तारेला वीजतारेचा स्पर्श होऊन जे मृत्यू महाराष्ट्रात वरचेवर घडतात, त्यांतील किती घरांत हे साधन होते याची चौकशी उद्बोधक ठरेल.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. स्वतःच्या घराची कौले शाकारण्यास, स्वतःच्या परसात विहीर खणण्यास कोणी परवाना मागत नाही. पडून हातपाय मोडले तर ज्याचे त्याने पाहावे अशीच समाजाची वृत्ती असते. मग स्वतःच्या भिंतीतील दोन तारा जोडणाऱ्यालाच सरकारने का अडवावे? भाडेकरू, पाहुणे, शेजारी व पुढे घर विकत घेणारा यांची नावे येथे नेहमी सांगितली जातात व ती योग्यच आहेत. परंतु अधिक निर्णायक उत्तर खांबावर चढलेल्या माणसाचे आहे. पुरवठा बंद असताना एखाद्या हौशी घरमालकाने जनित्र किंवा इन्व्हर्टर आपल्या बोर्डाला, मुख्य खटका न तोडता आणि अदलाबदलीचा खटका न बसवता, परस्पर जोडला, तर ती वीज घरात न थांबता उलट दिशेने बाहेर जाते, रोहित्रात तिचा दाब अनेक पटींनी वाढतो, आणि तार मृत आहे असे समजून काम करणारा तंत्रज्ञ तिच्यावर सापडतो. घरातील वायरिंग हे सार्वजनिक यंत्रणेचेच शेवटचे टोक आहे. विहिरीचे तसे नाही. छतावरील सौरपट्टिकांचा प्रसार होऊ लागल्यापासून या मुद्द्याचे वजन वाढलेले आहे.

इतर देशांतील रीत : ऑस्ट्रेलियातील बहुतेक राज्यांत भिंतीवरील सॉकेट बदलण्यासही परवानाधारक लागतो, म्हणजे तेथील कायदा आपल्याहून कठोर आहे. शेजारच्या न्यूझीलंडने १९९२ च्या विद्युत कायद्याने नेमकी उलट वाट धरली व राहत्या घराच्या मालकाला ठराविक प्रकारची मांडणी स्वहस्ते करण्याची मुभा दिली. अट अशी की, परवानाधारक निरीक्षकाने तपासल्यावाचून ती पुरवठ्यास जोडू नये. इंग्लंडात १ जानेवारी २००५ पासून इमारत-नियमांचा ‘भाग पी’ अमलात आला. २०१३ साली त्याचा आवाका कमी करण्यात आला, तरी नवे मंडल टाकणे वा मुख्य पेटी बदलणे यांची वर्दी स्थानिक अधिकाऱ्यांस द्यावी लागते, मग काम कोणीही केलेले असो. अमेरिकेत १८९७ पासून निघत आलेली राष्ट्रीय विद्युत संहिता राज्ये व नगरे आपापल्या परीने स्वीकारतात आणि पुष्कळ ठिकाणी मालकाला स्वतःच्या घरापुरती परवानगी मिळते. भिंती बुजवण्यापूर्वी निरीक्षक येऊन पाहून जातो. ऑस्ट्रेलिया वगळता या तिन्ही ठिकाणी भर हातावर नसून डोळ्यांवर आहे : काम कोणाचे याहून ते कोणी तपासले याला महत्त्व.

आपल्याकडे याच्या उलट स्थिती आहे. काम कोणी करावे यावर नियम तपशिलाने बोलतो आणि तपासणी बरीचशी कागदावर सोपवतो. महाराष्ट्रात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्री व तारतंत्री हे अभ्यासक्रम चालतात, राज्याच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेच्या देखरेखीखाली परवाने दिले जातात, आणि नव्या जोडणीच्या अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. भारतीय मानक ७३२ प्रमाणे ही चाचणी ५०० व्होल्टांच्या मेगरने करावयाची असून वेष्टनाचा रोध, मेगओहममध्ये, पन्नासला मंडलावरील जागांच्या संख्येने भागून येणाऱ्या आकड्याहून कमी नसावा. मात्र संपूर्ण मांडणीसाठी एक मेगओहमहून अधिकाची सक्ती नाही. चाचणी साधी आहे, थोड्या वेळात होणारी आहे, आणि तरीही मेगर पेटीतून बाहेर न काढता अहवालावर आकडे लिहिण्याची व सही तेवढी विकण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे, हे या धंद्यातील प्रामाणिक माणसेच प्रथम सांगतात. खेड्यांत तर परवानाधारक ठेकेदार तालुक्याच्या गावी राहतो, आणि गावकरी ज्याला ‘आपला वायरमन’ म्हणतात तो वितरण कंपनीचा तारांवर काम करणारा कर्मचारी असतो. घरातली मांडणी त्याच्या कामाच्या कक्षेत येत नाही, पण भिडेखातर तो ती करून देतो व तिचा दाखला कोठेच राहत नाही.

तेव्हा या विषयावर मत द्यावयाचे तर असे : सध्याचा मज्जाव योग्य आहे व तो सैल करण्याचे कारण नाही, परंतु तपासणीवाचून तो अर्धाच राहतो, आणि ती तपासणी घडवून आणणे निदान आपल्या घरापुरते मालकाच्या हाती आहे. दिवा, बटण व योग्य मापाची फ्यूजतार यांपलीकडचे काम निघाल्यास ठेकेदाराचा परवाना पाहण्यास संकोच करू नये, मेगरचे आकडे आपल्या समोर घेण्यास सांगावे, सही केलेल्या अहवालाची प्रत घराच्या दस्तऐवजांत ठेवावी, आणि मुख्य पेटीत गळती तोडणारे साधन नसेल तर आधी ते बसवून घ्यावे.