बॉबी हीनन : रिंगबाहेरचा खलनायक

अमेरिकेतील व्यावसायिक रेसलिंगमध्ये मॅनेजर म्हणजे पैलवानाच्या तारखा आणि मानधन सांभाळणारा माणूस नव्हे. प्रेक्षकांसमोर येणारा मॅनेजर हे एक पात्र असते. तो पैलवानाबरोबर रिंगपर्यंत चालत येतो, मुलाखतीत त्याच्या वतीने बोलतो, पंचाची पाठ वळताच लांडीलबाडी करतो आणि शेवटी प्रतिस्पर्ध्याच्या हातचा मार खातो. लढतीचा निकाल आधीच ठरलेला असतो. पण त्या निकालाची लोकांना ओढ लागावी, एखाद्या खलनायकाचा मनापासून राग यावा आणि त्याला लोळवलेले पाहण्यासाठी त्यांनी तिकीट काढावे, ही कामगिरी बऱ्याच अंशी मॅनेजरच्या जिभेवर सोपवलेली असे. फ्रेडी ब्लासी, लू अल्बानो, ‘ग्रँड विझार्ड’ म्हणून ओळखला जाणारा अर्नी रॉथ ही या कामातली गाजलेली नावे. त्या सगळ्यांत बॉबी हीनन सरस ठरला.

रेमंड लुई हीननचा जन्म 1 नोव्हेंबर 1944 रोजी शिकागोत झाला. घरची ओढगस्त, आई आणि आजीची जबाबदारी, त्यामुळे आठवीच्या सुमारास त्याची शाळा सुटली. रेसलिंगच्या कार्यक्रमांत पैलवानांच्या बॅगा आणि जाकिटे उचलणे, प्रेक्षकांत फिरून खाद्यपदार्थ विकणे ही त्याची पहिली कामे. पुढे त्याच्या उपयोगी पडलेले शिक्षण बहुधा इथेच झाले. प्रेक्षक कशावर चिडतात, कशावर हसतात आणि कोणत्या क्षणी खुर्ची सोडून उभे राहतात, हे त्याने गर्दीत फिरताना जवळून पाहिले. 1965च्या सुमारास इंडियानापोलिसमध्ये ‘डिक द ब्रूझर’ या पैलवानाच्या संस्थेत तो ‘प्रिटी बॉय’ या नावाने मॅनेजर म्हणून उभा राहिला. पिवळेधमक केस, चमचमती जाकिटे आणि न थांबणारी बडबड हे त्याचे भांडवल होते.

त्या काळी रेसलिंग खरे आहे असेच लोकांना सांगितले जाई आणि पुष्कळ प्रेक्षकांचा त्यावर विश्वासही असे. त्यामुळे खलनायकाचे काम करणाऱ्याला धोका होता. 1975मध्ये शिकागोच्या इंटरनॅशनल अॅम्फिथिएटरमध्ये एका प्रेक्षकाने हीननच्या दिशेने पिस्तूल झाडले. तो वाचला, पण गोळ्या लागून काही प्रेक्षक जखमी झाले. एवढ्या प्रसंगानंतरही त्याने आपले पात्र सौम्य केले नाही.

मिनियापोलिसमधून चालणाऱ्या व्हर्न गॅन्याच्या ‘एडब्ल्यूए’ संस्थेत हीननची कला पक्व झाली. तिथे त्याने निक बॉकविंकल, रे स्टीव्हन्स, ब्लॅकजॅक लान्झा, बॉबी डंकम अशांची टोळी जमवली आणि तिला ‘हीनन फॅमिली’ हे नाव मिळाले. 8 नोव्हेंबर 1975 रोजी बॉकविंकलने संस्थेचा विजेता असलेल्या गॅन्याला हरवून त्याची सात वर्षांहून अधिक काळ चाललेली सत्ता संपवली. बॉकविंकल स्वतःच फर्डा वक्ता होता, त्याला दुसऱ्याच्या शब्दांची गरज नव्हती. म्हणून हीननने इथे वेगळी भूमिका घेतली. विजेता सभ्य, सुसंस्कृत भाषेत बोले आणि घाणेरडी कामे मॅनेजर करी. प्रत्येक पैलवानाला काय कमी पडते हे ओळखून नेमके तेवढेच पुरवणे, हे हीननचे खरे वैशिष्ट्य होते.

त्याचे दुसरे बळ म्हणजे मार खाण्याची तयारी. उडून पडणे, दोरांत अडकणे, खांबावर आदळणे हे तो भल्याभल्या पैलवानांपेक्षा सफाईने करी. स्वतः लढायची पाळी आली की मात्र मुद्दाम भेदरल्यासारखा, अडाण्यासारखा लढे, कारण तो चांगला लढला असता तर समोरचा पैलवान छोटा दिसला असता. हरल्यावर त्याला मुंगसासारख्या दिसणाऱ्या वीझल या प्राण्याचा पोशाख चढवला जाई. लबाड माणसाला इंग्रजीत याच प्राण्याच्या नावाने हिणवतात आणि प्रेक्षक त्या नावाचा गजर करून सभागृह दणाणून सोडत. स्वतःचे हसे करून घेऊन दुसऱ्याला नायक बनवण्याची ही कला आहे. तिच्यासाठी लागणारा निगर्वीपणा रेसलिंगमध्ये फार थोड्यांजवळ होता.

1984मध्ये व्हिन्स मॅकमॅनच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ने हीननला बोलावले. तेव्हा ही संस्था प्रादेशिक सीमा मोडून देशभर पसरत होती. हल्क होगन तिचा नायक होता आणि त्याच्यापुढे सतत नवे राक्षस उभे करायचे होते. बिग जॉन स्टड, किंग काँग बंडी यांना हीननने एकामागून एक पुढे आणले. पण त्याचे सर्वांत मोठे काम आंद्रे द जायंटचे. वर्षानुवर्षे लोकांचा लाडका असलेला हा महाकाय फ्रेंच पैलवान 1987च्या आरंभी हीननला सोबत घेऊन आला आणि त्याने आपला मित्र होगनला आव्हान दिले. आंद्रे कमी बोले. त्याची तब्येतही ढासळली होती आणि पाठीची शस्त्रक्रिया झालेली होती. त्यामुळे त्याच्या मनातली कटुता आणि आव्हानाची धग लोकांपर्यंत नेण्याचे काम हीननच्या बोलण्याने केले. ही लढत 29 मार्च 1987 रोजी पाँटियाक सिल्व्हरडोममध्ये ‘रेसलमेनिया 3’ या कार्यक्रमात झाली. तेव्हा आंद्रे आणि हीनन छोट्या गाडीवरून रिंगकडे जात असताना त्यांच्यावर कचऱ्याचा वर्षाव झाला. संस्थेने जाहीर केलेली प्रेक्षकसंख्या 93,173 होती. या आकड्यावर पुढे वाद झाले, पण व्यावसायिक रेसलिंगच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाच्या लढतींपैकी एक होती, याबद्दल फारसा वाद नाही.

या संस्थेत त्याच्या पैलवानाला पहिले विजेतेपद मिळायला एप्रिल 1989 उजाडावे लागले. रिक रूडने अल्टिमेट वॉरियरला हरवले, तेव्हा वॉरियरचा पाय रिंगबाहेरून धरून ठेवणारा हात हीननचाच होता. पुढच्याच वर्षी टोरोंटोत आंद्रे आणि हाकू यांची जोडी हरली. हीननने आंद्रेच्या थोबाडीत मारली आणि आंद्रेने त्याला चांगलेच बदडून काढले. इतकी वर्षे ज्याचा राग धरला, त्या आंद्रेला त्या संध्याकाळी लोकांनी पुन्हा आपले म्हटले. तो बदल घडवणारे माध्यमही हीननच होता.

1983मध्ये जपानच्या दौऱ्यात त्याची मान मोडली होती. ते दुखणे अंगावर काढत त्याने आणखी काही वर्षे काम केले आणि 1991मध्ये मॅनेजरची भूमिका सोडली. समालोचक म्हणून मात्र तो आधीपासूनच लोकप्रिय होता. गोरिला मॉन्सूनबरोबरची त्याची जोडी म्हणजे एक नीतिवान आणि एक निर्लज्ज पक्षपाती यांची अखंड जुगलबंदी, आणि तीही बव्हंशी उत्स्फूर्त. 1990च्या दशकात केबलवरून हे कार्यक्रम मराठी घरांत पोहोचले तेव्हा इथल्या अनेकांनी हीननला समालोचकाच्या खुर्चीतच प्रथम पाहिले. 1994 ते 2000 या काळात तो प्रतिस्पर्धी ‘डब्ल्यूसीडब्ल्यू’त होता, पण तिथे त्याला मॉन्सूनसारखा जोडीदार मिळाला नाही. 1999मध्ये मॉन्सून वारला, तेव्हा हीननने प्रतिस्पर्धी वाहिनीवरून त्याला जाहीर श्रद्धांजली वाहिली.

याच सुमारास मॅनेजरचे युग ओसरू लागले. स्टीव्ह ऑस्टिन, द रॉक यांसारखे पैलवान स्वतःच उत्तम बोलत होते, आणि संस्थेला मॅनेजरसाठी जास्तीचे मानधन देण्याचे कारण उरले नाही. ब्रॉक लेसनरची बाजू मांडणारा पॉल हेमन हा नंतरच्या काळातील ठळक अपवाद.

2002मध्ये हीननला घशाचा कर्करोग झाला. उपचारांनी जीव वाचला, पण ज्या आवाजावर सारे आयुष्य उभे होते तो पूर्वीसारखा राहिला नाही आणि पुढे जबड्यावरही शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. 2004मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या, म्हणजे पूर्वीच्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. त्याचा परिचय ब्लॅकजॅक लान्झाने करून दिला. तुटक, बदललेल्या आवाजातही हीननने सभागृह हसवले आणि शेवटी मॉन्सून इथे असायला हवा होता, असे म्हणाला. 17 सप्टेंबर 2017 रोजी फ्लोरिडातील लार्गो येथे वयाच्या 72व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याच्या स्वतःच्या नावावर एकही मोठे विजेतेपद नाही. तरीही रेसलिंगमधला सर्वश्रेष्ठ मॅनेजर कोण, असे विचारले तर जाणकार आजही बहुधा त्याचेच नाव घेतात.