शहाण्याने कोर्टाची पायरी का चढू नये?

लोकलमध्ये असाल तर आजचा भाग तुमच्याच लाइनवरचा आहे. उल्हासनगर, डोंबिवली, बदलापूर. कल्याण जंक्शनच्या आसपासची ही तीन स्टेशनं आणि एकच प्रश्न: गुन्हा अंगावर बेतला किंवा डोळ्यांसमोर घडला, तरी माणसं गप्प का बसतात?

आपल्याकडे म्हणच आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ‘भित्रा’ नाही हां, ‘शहाणा’! म्हणजे गप्प बसण्यामागे एक हिशेब असतो. आधी जो बोलला त्याचं काय झालं, हे माणसाने पाहिलेलं असतं. हा हिशेब कसा तयार झाला, ते बघूया.

सुरुवात उल्हासनगरपासून. साल १९९०. फेब्रुवारीत तिथे एकाचा खून झाला. त्याचा सख्खा भाऊ प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होता आणि त्याला पोलीस संरक्षणही मिळालं होतं. तरी २८ एप्रिल १९९० ला त्यालाही गोळ्या घालून मारलं. दोन महिन्यांत एकाच घरातले दोन भाऊ गेले. या दुसऱ्या खुनाच्या खटल्यात उल्हासनगरचा माजी आमदार पप्पू कलानी दोषी ठरला. कल्याणच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली डिसेंबर २०१३ मध्ये. म्हणजे तेवीस वर्षांनी! मधल्या काळात तो अनेक वर्षं आमदार होता, तुरुंगातूनही निवडून आला.

आता स्वतःला १९९१ च्या उल्हासनगरात ठेवून बघा. तुमचं छोटं दुकान आहे, घरी लहान मुलं आहेत आणि तुम्ही काहीतरी पाहिलंय. बंदोबस्तातला साक्षीदार मारला गेला, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. पोलीस दारात आले तर तुम्ही काय सांगाल? बहुतेक हेच, की ‘मी तेव्हा दुकानात नव्हतो.’

आणि कायदा? साक्षीदाराला जपण्यासाठी महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला तो २०१७ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली ५ डिसेंबर २०१८ ला. धोका किती आहे याचा पोलिसांकडून अहवाल, ओळख लपवणं, गरज पडली तर दुसरीकडे राहण्याची सोय, हे सगळं त्यात आलं. ब्रिटिशांनी साक्षी-पुराव्याचा कायदा केला १८७२ मध्ये. साक्ष कशी घ्यायची हे ठरल्यावर साक्षीदाराला कसं जगवायचं हे ठरायला जवळपास दीड शतक लागलं.

दुसरी भीती लोकांची, नावाची, अब्रूची. इथे थोडं मागे आणि लांब जावं लागेल, विदर्भात. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याची तक्रार झाली. हाच ‘मथुरा खटला’. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपींना शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, असा एकूण सूर. थोडक्यात, तक्रार करणारीचीच परीक्षा! देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख छापणं हा गुन्हा झाला.

कायद्याने नाव छापायला बंदी घातली, पण मोबाईलचं काय? सप्टेंबर २०२१ मध्ये डोंबिवलीच्या मानपाडा पोलीस ठाण्यात एका १५ वर्षांच्या मुलीची तक्रार नोंदली गेली. आरोपी तीसहून जास्त. तक्रारीनुसार जानेवारीत तिचा एक व्हिडिओ काढला गेला आणि तो दाखवून तिला महिनोन्‌महिने धमकावलं गेलं. बातमी आल्यावर अनेकांनी विचारलं, ‘इतके महिने बोलली का नाही?’ उत्तर प्रश्नातच आहे. तोंड उघडलं तर तो व्हिडिओ आधी कुणाकुणाच्या फोनवर जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि तिसरी भीती, खरं तर अनुभव: बोलायला गेलो तर कुणी ऐकेल का? ऑगस्ट २०२४, बदलापूर. एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं पालकांच्या लक्षात आलं. हे पालक गप्प बसले नाहीत. तरीही गुन्हा नोंदवून घेण्यासाठी बारा-एक तास पोलीस ठाण्यात थांबावं लागलं, असं त्यांचं म्हणणं. २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखली, लोकल कित्येक तास ठप्प झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. वेळेत कळवलं नाही म्हणून शाळेच्या व्यवस्थापनावरही पॉक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. पुढे २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. त्याच्यावर खटला चाललाच नाही.

हे प्रकार फक्त आपल्याच पट्ट्यात घडतात असंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी कधी मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. पोलिसांच्या आकडेवारीत या बायका कुठून दिसणार? म्हणून गुन्ह्यांची नोंद वाढली की लगेच ‘शहर बिघडलं’ म्हणू नका. कदाचित सांगायला आलेल्यांना ठाण्यात पहिल्यांदाच खुर्ची मिळाली असेल.

हिशेब बदलायचा तर त्यातला खर्च कमी करावा लागतो. काही गोष्टी आज तुमच्या हातात आहेत. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि त्याची प्रत फुकट मिळते. बलात्काराची तक्रार असेल तर पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी घेता येतो. धमकी येत असेल तर साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करू शकतो. मुलांसाठी १०९८, तातडीच्या मदतीला ११२.

पण कागदावरचा कायदा आणि ठाण्याचा दरवाजा यांच्यात अंतर असतंच, बदलापूरने ते दाखवलं. ते अंतर एकट्या माणसाला फार लांब वाटतं. म्हणून कुणी घाबरत घाबरत सांगायला लागलं, तर ‘आधी का नाही बोललास?’ हा प्रश्न गिळून टाका. ‘चल, मी येतो सोबत’ एवढंच म्हणा. पायरी तीच राहते, फक्त चढायला दोघं असतात.