मल्लविद्येचे आचार्य बाळंभटदादा देवधर

तख्ते उलथतात, राजवाडे जळतात, दफ्तरे वाळवीच्या मुखी पडतात. परंतु गुरूच्या देहातून शिष्याच्या देहात उतरलेली विद्या कधी कधी ह्या सर्वांच्या मागे शिल्लक राहते. मल्लविद्येचे आचार्य बाळंभटदादा देवधर यांचे चरित्र ह्याची साक्ष होय.

दादांचा काळ पेशवाईच्या अखेरीचा. दुसऱ्या बाजीरावास इतिहासाने फारसे गौरविलेले नाही; तथापि त्यास व्यायामाची मनापासून आवड होती, आणि ह्या विषयात बाळंभटदादा त्याचे गुरू होते.

आखाड्यांतून पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी कथा अशी. निजामाच्या मुलुखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्यास आले व त्यांनी पेशव्यांच्या पहिलवानांस आव्हान दिले. कोणीही पुढे येईना. तेव्हा अवघ्या अठरा वर्षांच्या बाळंभटाने विडा उचलला, मात्र तयारीस काही अवधी मागून घेतला. तो वणीच्या सप्तशृंगीस गेला. तेथे अनुष्ठान चालू असता साक्षात मारुतीने लाकडी खांबावर डावपेच करून दाखविले. परत आल्यावर त्याने अलीस चीत केले, आणि ते पाहून गुलाबाने लढण्याचेच नाकारले.

निजामाची पहिली राजधानी म्हणजे आपले हे शहर, तेव्हाचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर. त्यामुळे ही कथा ऐकताना आपण कोणत्या बाजूस बसावे, असा गमतीचा प्रश्न येथील श्रोत्यास पडेल! परंतु आखाड्याची रीत अशी की, हरलेल्याचे नावही तो आदराने जपतो. अलीचे नाव आज घेतले जाते, ते ह्याच कथेमुळे.

ह्या कथेतील दैवी भागाविषयी ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार ठरवावे. इतिहासाच्या दृष्टीने एवढे निश्चित की, खांबावरील व्यायाम पूर्वीही ठाऊक होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या अशा अभ्यासाचा उल्लेख आहे. दादांचे श्रेय मल्लखांब प्रथम शोधून काढण्याचे नव्हे; मागे पडलेल्या विद्येस नवे चैतन्य देण्याचे आहे.

आणि ह्या विद्येतील युक्ती मोठी मार्मिक आहे. कुस्तीचा जोडीदार थकतो, रागावतो, क्वचित दयाही दाखवितो. सागवानी किंवा शिसवी खांब ह्यांपैकी काहीच करीत नाही. त्यास एरंडेल लावलेले असते, म्हणून पकड जरा ढिली पडली की शरीर खाली घसरते. अढी, दसरंग, फिरकी, सुईदोरा, ताजवा ह्या एकेका प्रकाराने मांड्या, पोटऱ्या, कंबर व बगल यांस अशी पकड येते की, मातीत उतरल्यावर प्रतिस्पर्ध्यास तीतून सुटणे कठीण व्हावे.

चीन देशातही असेच एक चरित्र आहे. तेथील प्रसिद्ध युद्धकलाचार्य हुओ युआन्जिया यांनी 1909 च्या सुमारास शांघाय येथे एका परदेशी शक्तिमानाचे आव्हान स्वीकारले. परंतु प्रत्यक्ष सामना झालाच नाही. 1910 साली त्यांच्या नावाभोवती ‘जिंगवू’ ही संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी ते निवर्तले. न झालेल्या सामन्याहून ती संस्थाच अधिक टिकली. विजयाची कथा गुरूस कीर्ती देते. त्याची विद्या पुढे नेतात ते शिष्य.

दादांच्या बाबतीत ह्या कसोटीची वेळ लवकरच आली. 1818 साली पेशवाई बुडाली व बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्तास गेला. तेथेच 1851 साली त्याचा अंत झाला. राजाश्रय संपला, पण मल्लखांब संपला नाही. उलट पुण्याबाहेर पडल्यानेच तो उत्तरेत पसरला. दादांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी काशीस ही विद्या शिकविल्याचे परंपरा सांगते. पुढे वाडे गेले, तेथे तालमी आल्या. राजांची जागा सामान्य गृहस्थांच्या वर्गणीने घेतली. अमरावतीस 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले. त्याच मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार जगास दाखविले. योगायोग असा की, त्याच प्रसंगी चिनी पथकानेही आपली युद्धकला तेथे सादर केली होती!

2013 साली मध्य प्रदेशाने मल्लखांबास राज्यक्रीडेचा मान दिला, आणि 2019 च्या फेब्रुवारीत मुंबईस त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली. पेशव्यांची सत्ता तेव्हा जाऊन दोनशे वर्षे लोटली होती. सत्तेच्या छायेत वाढलेली ही विद्या सत्तेविना जगली, कारण प्रत्येक पिढीत कोणी तरी भल्या पहाटे उठून मुलांना खांबापाशी उभे करीत राहिले. दादांचे खरे स्मारक हेच होय. आणि आपल्या गल्लीतील तालमीत मुले पाठविणे, ही ते राखण्याची सर्वांत साधी रीत आहे.